एक कमांड टाकली आणि अख्ख्या अभ्यासिकेचं नेट गेलं : मल्टिलेअर स्विचवर आयपी राउटिंग कसं सुरू करायचं?

अभ्यासिकेच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायला फोन जोडलाय, वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतंय, पण नावाखाली लिहिलंय ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. हा अनुभव प्रत्येकाला आलाय. आपण वाय-फाय बंद-चालू करतो, फोन रीस्टार्ट करतो आणि शेवटी मोबाइल डेटा लावतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी साताऱ्यात शंभरेक मुलांच्या फोनवर एकाच वेळी हा मेसेज दिसत होता. त्याला कारण मी होतो. त्या रात्री मी काय केलं, काय चुकलं आणि बरोबर पद्धत कोणती, ते आज सांगतो. त्या निमित्ताने मल्टिलेअर स्विच ही काय भानगड आहे आणि त्यावर आयपी राउटिंग कसं लावतात, तेही समजून घेऊ.

मुळात गरज का पडली?

माझ्या मामाची साताऱ्यात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. हॉल तळघरात असल्यामुळे मोबाइलला रेंज नाही, सगळा भार वाय-फायवर. ब्रॉडबँडच्या राउटरमधून एक केबल स्विचमध्ये आणि स्विचमधून सगळीकडे: ऑफिसचे दोन कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि मुलांसाठी वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट. सगळे एकाच नेटवर्कमध्ये.

एक दिवस एका मुलाने मामाला त्याचा फोन दाखवला. स्क्रीनवर सीसीटीव्ही रेकॉर्डरचं लॉगिन पान होतं! पोरगा प्रामाणिक, म्हणून येऊन सांगितलं. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मुलांच्या आधार कार्डांच्या, मार्कशीटच्या स्कॅन कॉपी असतात. फोन, कॅमेरे आणि ती कागदपत्रं एकाच खोलीत राहावीत, हे बरोबर नव्हतं. मामाचा फोन आला, “अरे, तू इंजिनिअर ना? कर काहीतरी.”

आता मी सॉफ्टवेअरवाला. नेटवर्किंग कॉलेजात शिकलेलो, परीक्षेपुरतं. पण तिथे लावलेला स्विच मीच पुण्यातून जुन्या बाजारातून आणून दिला होता, सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३५६०. तो मल्टिलेअर होता आणि आतापर्यंत साध्या स्विचसारखा वापरला जात होता. म्हटलं, करून टाकू.

स्विच, राउटर आणि दोन्ही कामं करणारा डबा

साधा स्विच फक्त मॅक ॲड्रेस ओळखतो. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला असतो तो ४८ बिटांचा क्रमांक. कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे याची यादी स्विच ठेवतो आणि त्याप्रमाणे डेटा पुढे ढकलतो. आयपी ॲड्रेसशी त्याला देणंघेणं नसतं. याला लेअर २ म्हणतात.

राउटर आयपी ॲड्रेस बघतो. ‘हे पॅकेट दुसऱ्या नेटवर्कचं आहे, याला कुठल्या दाराने पाठवू?’ हा निर्णय तो घेतो. हे लेअर ३.

मल्टिलेअर स्विच दोन्ही कामं करतो. एकाच नेटवर्कमधलं पॅकेट असेल तर मॅक बघून देतो, वेगळ्या नेटवर्कचं असेल तर आयपी बघून देतो. आणि हे काम तो खास त्यासाठी बनवलेल्या चिपमध्ये करतो, म्हणून राउटिंग करतानाही त्याचा वेग जवळपास साध्या स्विचिंगइतकाच राहतो. पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाताना त्यावरचे मॅक ॲड्रेस बदलतात, टीटीएल नावाचा आकडा एकने कमी होतो, पण पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी तसाच राहतो. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

व्हीलॅन म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळ्या खोल्या

व्हीलॅन म्हणजे व्हर्च्युअल लॅन. एकाच स्विचचे पोर्ट आपण गटांमध्ये वाटतो आणि प्रत्येक गट वेगळा स्विच असल्यासारखा वागतो. प्रत्येक व्हीलॅनला क्रमांक असतो, १ ते ४०९४ मधला. मी असं ठरवलं:

व्हीलॅन १०: ऑफिस, नेटवर्क १९२.१६८.१०.०
व्हीलॅन २०: विद्यार्थी, नेटवर्क १९२.१६८.२०.०
व्हीलॅन ३०: कॅमेरे, नेटवर्क १९२.१६८.३०.०
व्हीलॅन १: फक्त राउटर आणि स्विच यांच्यातला दुवा, नेटवर्क १९२.१६८.१.०

सगळीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. म्हणजे पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे असतील तर ‘आपल्याच खोलीतला’, नाहीतर ‘बाहेरचा’. तुमचा फोनही प्रत्येक पॅकेट पाठवण्याआधी हेच तपासतो. पत्ता बाहेरचा असेल तर तो पॅकेट गेटवेकडे, म्हणजे खोलीच्या दाराकडे देतो. मग दाराने बघायचं.

आता खोल्या झाल्या, पण दारं नाहीत. दारं करायची म्हणजेच राउटिंग लावायचं.

सेटिंगच्या पायऱ्या

खालच्या कमांड प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्यांचे उच्चार आणि अर्थ देतोय. या सिस्कोच्या आहेत. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर शब्द बदलतील, पण क्रम हाच राहील.

१) व्हीलॅन तयार करा. कॉन्फिगरेशन मोडमध्ये जाऊन:

व्हीलॅन २०
नेम विद्यार्थी (अर्थात इंग्रजीत)

असंच १० आणि ३० साठी.

२) पोर्ट वाटून द्या. ज्या पोर्टला मुलांचा ॲक्सेस पॉइंट जोडलाय, त्या पोर्टच्या इंटरफेसमध्ये जाऊन:

स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०

३) प्रत्येक व्हीलॅनला दार द्या. याला एसव्हीआय म्हणतात, स्विच व्हर्च्युअल इंटरफेस:

इंटरफेस व्हीलॅन २०
आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

हा १९२.१६८.२०.१ म्हणजे मुलांच्या फोनचा गेटवे. एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या व्हीलॅनमध्ये निदान एक पोर्ट चालू अवस्थेत नसेल, तर हे दार ‘डाउन’च दिसतं. अनेकजण इथे तासभर डोकं खाजवतात आणि शेवटी कळतं की केबलच लावलेली नाही.

४) पत्ते वाटायची सोय करा. फोनला आयपी ॲड्रेस डीएचसीपी देतं. फोन ‘मला कोणी पत्ता द्या’ अशी हाक मारतो आणि ती हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. म्हणून एकतर स्विचवरच प्रत्येक व्हीलॅनसाठी डीएचसीपी पूल करायचा, किंवा सर्व्हर दुसरीकडे असेल तर एसव्हीआयवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ देऊन हाक तिकडे पोचवायची. मी स्विचवरच पूल केले. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला मात्र पत्ता हाताने बदलून दिला.

५) राउटिंग चालू करा:

आयपी राउटिंग

बस, दोन शब्द. या मॉडेलवर हे मुळात बंद असतं. व्हीलॅन केले, दारं केली, तरी ही कमांड दिल्याशिवाय स्विच एका खोलीतलं पॅकेट दुसऱ्या खोलीत नेत नाही.

६) बाहेरचा रस्ता दाखवा:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१.१

अर्थ: ज्याचा पत्ता मला माहीत नाही ते सगळं १९२.१६८.१.१ कडे, म्हणजे ब्रॉडबँडच्या राउटरकडे पाठव. याला डिफॉल्ट राउट म्हणतात.

राउटरकडे जाणारा पोर्ट ‘नो स्विचपोर्ट’ देऊन थेट राउटरच्या पोर्टसारखाही करता येतो आणि त्यालाच आयपी देता येतो. ती पद्धत जास्त नीटनेटकी. मी मात्र व्हीलॅन १ तसाच ठेवला, कारण मी साताऱ्यात नव्हतोच.

रात्री दीड वाजता

मी पुण्यात माझ्या रूमवर होतो. मामाच्या राउटरवर व्हीपीएन आहे, त्यातून घुसून मी स्विचवर लॉगिन केलं होतं. अभ्यासिका रात्री बंद असते, म्हणून वेळ तीच निवडली. पायरी १ ते ४ झकास झाल्या. मग पाचवी पायरी टाइप केली, आयपी राउटिंग, आणि एंटर दाबलं.

स्क्रीन थिजली. काही टाइप होईना. पुन्हा लॉगिन करायला गेलो, स्विच उत्तरच देईना.

झालं असं. स्विच साध्या मोडमध्ये असताना त्याला स्वतःला बाहेर बोलायला ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ अशी एक वेगळी सेटिंग लागते. मी ती पूर्वीच दिलेली होती, म्हणून तो पुण्यातल्या माझ्या लॅपटॉपला उत्तरं देऊ शकत होता. पण राउटिंग चालू झालं की स्विच ती सेटिंग विचारातच घेत नाही. तो फक्त राउटिंग टेबल बघतो. आणि टेबलमध्ये बाहेरचा रस्ता नव्हता, कारण ती सहावी पायरी होती आणि मी अजून पाचवीवर होतो. माझं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचत होतं, त्याला परत यायला वाट नव्हती.

मामाला फोन केले, तो झोपलेला. पहाटेची पहिली एसटी पकडायला स्वारगेटला गेलो. सहाला मामाचा फोन, “पोरं आलीत, वाय-फाय लागतंय पण नेट नाही. आज फॉर्मची शेवटची तारीख आहे रे.” हे मला माहीत नव्हतं. विचारायचंही सुचलं नव्हतं. कुठलाही बदल करण्याआधी ‘उद्या इथे काय आहे?’ हे विचारणं ही खरं तर पायरी शून्य.

साडेआठला पोचलो. ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर रांग होती. एका मुलीचा फॉर्म भरून झाला होता, फक्त पैसे भरायची पायरी राहिली होती. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती. त्या बघण्याने जास्त घाम फुटला.

दुसरी चूक, जी जास्त शिकवून गेली

कन्सोल केबल लावून थेट स्विचवर गेलो, सहावी पायरी दिली. स्विचवरूनच गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग केलं. उत्तर आलं! मी मोठ्याने म्हणालो, “झालं!” सगळ्यांनी फोन बघितले. नेट नाही.

स्विचला इंटरनेट मिळतंय, मुलांना नाही. असं कसं?

पॅकेटच्या मागे चालत जाऊ. मुलीचा फोन १९२.१६८.२०.३५. पॅकेट गेटवेकडे गेलं, स्विचने ते राउटरकडे दिलं, राउटरने इंटरनेटवर पाठवलं, तिकडून उत्तरही आलं. आता राउटरला ते उत्तर १९२.१६८.२०.३५ कडे द्यायचंय. पण राउटरला फक्त १९२.१६८.१.० माहीत आहे. २० नंबरची खोली कुठे आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. न कळणारं सगळं तो त्याच्या सवयीप्रमाणे इंटरनेटच्या दिशेने पाठवतो. म्हणजे घरी आलेल्या पोराला दारातूनच परत एसटीत बसवून दिलं!

मग स्विचचं पिंग का चाललं? कारण स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा तो त्या बाजूच्या दाराचा पत्ता लावतो, १९२.१६८.१.२. तो राउटरला माहीत होता. राउटिंग करताना पॅकेटवरचा मूळ आयपी बदलत नाही, हे वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठीच. म्हणून खरी चाचणी अशी करायची:

पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन २०

म्हणजे मुलांच्या खोलीतून पाठवल्यासारखं पिंग. ते लगेच फेल झालं आणि मला कारण कळलं.

उपाय राउटरवर होता. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅटिक राउट’ असतो, तिथे तीन ओळी टाकल्या: १९२.१६८.१०.०, २०.० आणि ३०.० या तिन्ही नेटवर्कसाठी १९२.१६८.१.२ कडे जा. सेव्ह केलं. फोन एकामागून एक वाजायला लागले, रात्रभराचे व्हॉट्सॲप मेसेज. त्या मुलीने पैसे भरले, पावती छापली आणि तेव्हा कुठे मी चहा घेतला.

तुम्ही हे करणार असाल तर आधी बघा की तुमच्या राउटरमध्ये स्टॅटिक राउटची सोय आहे का. काही स्वस्त राउटरमध्ये ती नसते. आणि काही राउटर फक्त स्वतःच्या नेटवर्कसाठीच नॅट करतात, तिथे नवीन नेटवर्क नॅटच्या यादीतही टाकावी लागतात.

थांबा, अजून काम संपलेलं नाही

ज्या कारणासाठी हे सगळं केलं ते आठवा. फोन वेगळे, ऑफिस वेगळं, कॅमेरे वेगळे. पण राउटिंग चालू केल्यावर काय झालं? सगळ्या खोल्यांना दारं लागली आणि सगळी दारं उघडी! मुलांच्या फोनवरून रेकॉर्डरचं पान पुन्हा उघडत होतं, फक्त पत्ता बदलला होता. व्हीलॅन केले म्हणजे सुरक्षित झालो, हा मोठा गैरसमज आहे.

दारावर वॉचमन लागतो. त्याला एसीएल म्हणतात, ॲक्सेस कंट्रोल लिस्ट. व्हीलॅन २० च्या दारावर आत येणाऱ्या पॅकेटसाठी तीन नियम लावले:

२० मधून १० कडे जाणारं अडव.
२० मधून ३० कडे जाणारं अडव.
बाकी सगळं जाऊ दे.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की थांबतात. शेवटचा नियम विसरलात तर सगळंच अडतं, कारण यादीच्या तळाशी न दिसणारा ‘सगळं अडव’ असतोच. आणि इथेही परतीच्या वाटेचा धडा आहे: या साध्या वॉचमनला आठवण नसते. ऑफिसमधून मुलांच्या व्हीलॅनमधल्या प्रिंटरला काही पाठवलंत तर ते जाईल, पण प्रिंटरचं उत्तर ‘२० मधून १० कडे’ म्हणून अडेल. म्हणून असा प्रिंटर ऑफिसच्याच खोलीत ठेवायचा, किंवा त्याच्यापुरता परवानगीचा नियम सगळ्यात वर लिहायचा.

माझी आताची चेकलिस्ट

काम दुरून करायचं असेल तर सुरुवातीलाच ‘रीलोड इन १०’ ही कमांड द्यायची. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेले बदल पुसले जातात. सेव्ह करू का असं विचारलं तर ‘नो’ म्हणायचं. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. खरं तर त्या दिवशी मामाला फोनवर स्विचची पिन काढून परत लावायला सांगितलं असतं, तरी जुनी स्थिती आली असती. हे मला तिथे पोचल्यावर सुचलं!

‘शो आयपी राउट’ बघायचं. जोडलेल्या नेटवर्कपुढे सी अक्षर दिसतं, हाताने दिलेल्या रस्त्यापुढे एस, आणि डिफॉल्ट राउटपुढे एसबरोबर एक चांदणी. टेबलऐवजी नुसता डिफॉल्ट गेटवे दिसला तर समजा राउटिंग बंदच आहे.

प्रत्येक व्हीलॅनमधून सोर्स देऊन पिंग करायचं.

सगळं झाल्यावर ‘राइट मेमरी’ देऊन सेव्ह करायचं. नाहीतर लाइट गेली की सगळी मेहनत गेली.

सराव करायला स्विच विकत घ्यायची गरज नाही. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३५६० स्विच मिळतो. त्यात दोन व्हीलॅन करा, मुद्दाम परतीचा रस्ता काढून टाका आणि पॅकेट कुठे हरवतं ते डोळ्यांनी बघा.

आणि तुमच्या फोनवर?

आत्ता वाय-फायच्या सेटिंगमध्ये जा, जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा. आयपी ॲड्रेस, गेटवे, सबनेट मास्क दिसेल. आता त्या तीन ओळींचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या वाय-फायवर शेजारचा टीव्ही किंवा प्रिंटर फोनला सापडत नसेल, तर बहुतेक वेळा तो वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतो. शोधायची हाक दाराबाहेर जात नाही, एवढंच.

पुढच्या वेळी ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ दिसलं की फक्त जायचा रस्ता शोधू नका. पॅकेट कदाचित व्यवस्थित पोचलंय, त्याला घरी यायची वाट कोणीतरी सांगायची राहिली आहे. ती सांगणारा माणूस त्या वेळी कदाचित एसटीत बसलेला असेल. थोडी सवलत द्या त्याला!